चिमटा आणि मुळी

मित्रांनो, मी एक जुनं वेल्डिंग मशीन आहे. जुनं म्हणजे किती, ते विचारू नका. माझा मूळचा रंग निळा होता, हे आता फक्त मलाच आठवतं. अंगाने मी चांगलंच जाडजूड. पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी, पुढे वीज कमी-जास्त करायचा दांडा, आणि काम करताना घुंऽऽ असा आवाज. त्याला मिस्त्री माझं घोरणं म्हणतात. स्वतः ते कसे घोरतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं!

मिस्त्री म्हणजे माझे मालक. मी त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. ते लोखंड जोडायचे, त्यांची बायको जोड घासून रंग द्यायची. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणू लागले. आम्ही तिघांनी मिळून फाटकं केली, खिडक्यांचे गज केले, बागेतले झोपाळे केले. लोक कौतुक करायचे ते मिस्त्रींचं. माझ्या वाट्याला एकच गोष्ट यायची. रोज सकाळी काम सुरू झालं की मिस्त्रीणबाई माझ्या डोक्यावर तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काय रे गड्या, झोप झाली का?" मला त्याहून जास्त काही नको होतं.

मग खांद्याला अडकवून नेता येतील अशी चिमुकली मशिनं निघाली. एक गिऱ्हाईक मला बघून म्हणालं, "मिस्त्री, हे धूड भंगारात द्या आता." मिस्त्रीणबाईंनी ब्रशवरून मानसुद्धा वर केली नाही. "मग आधी ह्यांना द्या," त्या मिस्त्रींकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे त्याच्याहून जुने आहेत." गिऱ्हाईक हसत सुटलं आणि माझा विषय संपला.

पुढे आमची शेड बदलली. टेंपोत मी असं काही आदळलं की पोटातली एक वायर लोखंडी कडेवर घासली गेली. तिचं वरचं आवरण सोललं आणि आतलं तांबं माझ्या पत्र्याला टेकलं. बाहेरून कुणाला काही दिसायची सोय नव्हती.

नव्या शेडमध्ये मिस्त्रींनी मला बसवलं. खोटं कशाला बोलू, बरंचसं नीट बसवलं. हाताशी येईल असा मेन स्विच, बरोबर मापाचा फ्यूज, जाड केबल. फक्त जागा कमी म्हणून मला भिंतीला चिकटवून टाकलं.

आता एक गोष्ट नीट ऐका. माझ्या पत्र्यापासून एक हिरवी वायर निघते आणि बाहेर जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीपर्यंत जाते. चुकून माझ्या अंगात वीज उतरली, तर ती त्या वायरीतून जमिनीत पळते आणि फ्यूज उडतो. हिला म्हणतात अर्थिंग. दुसरी एक जाड केबल असते, तिच्या टोकाला चिमटा. जोडायच्या लोखंडाला तो पकडतो. आणि आमच्या धंद्यातली गंमत अशी, की त्या चिमट्यालाही सगळे अर्थिंगच म्हणतात! जुन्या शेडमध्ये हिरवी वायर कधी काढलीच नव्हती, म्हणून त्या नावाने कधी घोटाळा केला नव्हता.

मिस्त्रीणबाई फरशी धूत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "अहो, अर्थिंग लावलंत का?"

"लावलं गं बाई! केव्हाच लावलं."

चिमटा खरंच कामाच्या लोखंडी टेबलाला लावलेला होता. हिरवी वायर मात्र गुंडाळी करून माझ्या पाठीमागे तशीच पडली होती.

मिस्त्रींनी मेन चालू केला. मी घुंऽऽ केलं आणि माझ्या अख्ख्या अंगात वीज उतरली. मिस्त्री पलीकडे उभे होते, पायात बूट, हातात चामडी मोजे. त्यांना कसला पत्ता! आणि मिस्त्रीणबाई ओल्या फरशीवरून अनवाणी माझ्याकडे यायला लागल्या. हातसुद्धा धड पुसलेले नव्हते.

"काय रे गड्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

मित्रांनो, ज्या हाताची मी रोज वाट बघायचं, तो हात आज माझ्यापर्यंत पोहोचू नये, असं मला जीव तोडून वाटत होतं. ओरडावंसं वाटलं. पण मला घुंऽऽ सोडून काही येत नाही.

हात वीतभर अंतरावर थांबला.

"अहो! ह्याला भिंतीला का चिकटवलंय? मागून वारा नको का? गुदमरेल की बिचारा!"

"जागा कुठाय?"

"जागा करा. आणि आधी मेन बंद करा, मग हलवा."

मिस्त्रींनी पुटपुटत मेन बंद केला आणि मला पुढे ओढलं. मागची हिरवी गुंडाळी घसरून खाली पडली.

"हे काय?"

"ते... बॉडीचं अर्थिंग."

"मग मघाशी कुठलं लावलं म्हणालात?"

"चिमट्याचं."

टेंपोत मी आदळलेलं आठवून मिस्त्रींनी माझं झाकण उघडलं. पत्र्याला टेकलेलं तांबं त्यांना दिसलं. मग त्यांनी ओली फरशी बघितली, बायकोचे अनवाणी पाय बघितले आणि ते मटकन खालीच बसले. "अगं, तू आत्ता..." ते म्हणाले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"उठा हो," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "पँट भिजली." पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

मग वायरमन आला. सोललेली वायर त्याने बदलली, पत्र्यावरचा रंग खरवडून हिरवी वायर स्क्रूखाली घट्ट आवळली आणि ती थेट जमिनीपर्यंत तपासली. फरशी कोरडी होईपर्यंत मला कुणी हात लावला नाही. आता मी भिंतीपासून हातभर पुढे असतं, मोकळा श्वास घेत.

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये 'अर्थिंग' शब्दाला बंदी आहे. चिमट्याला चिमटाच म्हणायचं. आणि हिरवी वायर मातीत जाते, म्हणून मिस्त्रीणबाईंनी तिचं नाव ठेवलंय मुळी. रोज मेन चालू करण्याआधी मिस्त्री विचारतात, "चिमटा?"

"लावला."

"मुळी?"

"थांबा, बघते." आठवणीवर त्या कधीच सांगत नाहीत. पायात चपला घालून येतात, वाकतात, डोळ्यांनी बघतात. मगच माझ्या डोक्यावर तो तळवा येतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी मशिनं असतील. मोठं कुणी नुसतं "लावलं" म्हणालं, तर "काय लावलं?" असं विचारा, आणि त्यांना वाकून बघायला लावा. आम्हाला बोलता येत नाही हो. मायेने जवळ येणाऱ्या माणसाला "थांब" म्हणता येत नाही. तेवढं आमच्यासाठी तुम्ही म्हणा.