शेक न मिळालेला डफ

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. निदान माझे लाकडी कडे तरी जुने आहे. त्यावरचे कातड्याचे पान अलीकडेच गेले. ते एका सत्कार्यासाठी गेले, त्यामुळे त्याबद्दल कुणाला जाब विचारण्याचीही सोय उरलेली नाही.

माझा धनी शिंपी. दिवसभर तो मशीन चालवी, संध्याकाळी मला वाजवी आणि त्याची थोरली बहीण गाई. दमट हवेत कातडे सैल पडते. मग आवाज ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा येतो. म्हणून कार्यक्रमाआधी तो मला निखाऱ्यांवर धरी, टिचकी मारून पाही, पुन्हा धरी. श्रोते खोळंबत.

"डफ शेकताय की शिजवताय?" कुणी ओरडे.

"कच्चा वाढला तर तुम्हीच नावं ठेवाल!" तो हसून म्हणे.

पुढे आमच्या गल्लीतला नाला प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबला. पाणी दुकानात शिरले, शिवायला आलेले कपडे नासले. तेव्हा ताई म्हणाली, "रडत बसण्यापेक्षा गाऊ या." आसपासचे वादक जमले. वर्गणी जमून नाल्याला जाळी बसावी आणि लोकांचे डोळे उघडावेत, म्हणून नदीकाठी मैफल ठरली. हेतू निर्मळ होता. तो मी आजही नाकारत नाही.

नदीकाठची हवा ओलसर होती. शिंप्याने शेगडी पेटवताच संयोजक धावत आले.

"अहो, विझवा आधी! पर्यावरणाचा कार्यक्रम आहे. धूर दिसला तर लोक काय म्हणतील?"

"साहेब, मूठभर कोळसे आहेत. डफ तापला की विझवतो."

"प्लॅस्टिकचं पान चढवा की. माझ्या गाडीत नवंकोरं पडलंय. तापवायला नको, काही नको!"

शिंप्याने ताईकडे पाहिले. ताईने मान खाली घातली. "चढव बाबा. आज वाजलं नाही तर जाळी बसायची राहील."

वाद्याला आवाज असतो, पण नकार देण्यापुरता तो कधीच त्याच्या ताब्यात नसतो. ज्याची कात्री आयुष्यात वाकडी गेली नाही, त्याने माझे कातडे वेडेवाकडे कापले. मातीत ते सहज विरून गेले असते. संयोजकांनी ते स्वच्छतेच्या आग्रहाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधले.

मैफल रंगली. जाळीही बसली. आता शिंपी मला शेकत नाही, म्हणून मांडीवरही घेत नाही. गाण्यापुरता उचलतो आणि खुंटीला अडकवतो. माझे कडे एक दिवस वाळवी खाईल. पान मात्र उरेल, तुमच्या नातवंडांनंतरही.

मित्रांनो, घरात एखादे वाद्य असेल तर त्याला ऊब द्या, आणि ते तापेपर्यंत थांबा. कुणी सोय पुढे केली तर ती घेण्याआधी विचारा, की ती सोय कुणाची आणि उरणार किती काळ. मला ते विचारता आले नाही. माझ्यावर थाप पडली, आणि मी अगदी सुरात वाजलो.