बोरमाळ पडली म्हणा

सांगलीत विश्रामबागच्या मागच्या अंगाला मदनअण्णांनी प्लॉट पाडून वसवलेली एक कॉलनी आहे आणि त्या कॉलनीत चोरी होत नाही. म्हणजे वस्तू जातात, पण चोरी होत नाही. गेल्या वर्षी एका दारातलं चंदनाचं झाड बुंध्यापासून गेलं, तेव्हा ते वाळवीनं खाल्लं असं सर्वानुमते ठरलं. वाळवीनं करवत कुठून आणली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बोअरची मोटर गेली, ती दुरुस्तीला गेली. सुरक्षा समितीचे प्रमुख, रिटायर सुभेदार हंबीरराव, यांची बुलेट तर त्यांच्याच दारातून गेली. सुभेदारांनी मिशीला पीळ देऊन सांगितलं, मेव्हण्यानं नेली. सुभेदारांना मेव्हणाच नाही, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

असल्या पुण्यभूमीत गुणमालाक्कांची बोरमाळ गेली. आक्का सकाळी मंदिरातून दर्शन घेऊन परतत होत्या. फाटकाला हात लावला तोच मागून मोटरसायकल आली, वरच्या गड्यानं गळ्याला हिसडा मारला आणि आक्का फाटकावर आपटल्या. माळ त्यांच्या आईची. आईनं जाण्याआधी स्वतःच्या गळ्यातली काढून लेकीच्या गळ्यात घातलेली. बाकीचं सोनं आक्कांनी सुनेला कधीच देऊन टाकलं होतं, पण ही माळ त्या झोपतानाही काढत नसत.

आक्का रडत बसल्या नाहीत. पदर सावरला आणि तडक पोलीस ठाण्याकडं निघाल्या. कोपऱ्यावर मदनअण्णा आणि सुभेदार आडवे आले. ह्या कॉलनीत चोर सापडत नाही, बातमी मात्र लगेच सापडते.

"आक्का, कुठं निघालाय?"

"तक्रार द्यायला."

"कसली तक्रार?"

"गळ्यातलं वढून नेलं माझ्या. मग काय लग्नाची पत्रिका द्यायला चाललोय व्हय?"

अण्णांनी आवाज लोण्यासारखा मऊ केला. ठाण्याकडून यंदा कॉलनीला 'सुरक्षित वसाहत' म्हणून ढाल मिळणार होती. वर्षभरात एक गुन्हा नोंद नाही, अशी ही एकच वस्ती. ढालीपाठोपाठ अण्णांचे मागच्या शेतातले नवे प्लॉट विक्रीला निघणार होते, ते काही अण्णा बोलले नाहीत. आक्कांना ते न बोलताच कळलं.

"आक्का, बोरमाळ पडली म्हणा. गहाळ म्हणून अर्ज द्या," अण्णा म्हणाले. "पोलीस शोधायचं ते शोधत्यातच की. पडली काय, वढली काय, गेली ती गेलीच न्हवं?"

"आर्मीत आमी एक शिकलो," सुभेदार म्हणाले. "युनिटची इज्जत पहिली."

"आणि तुमची बुलेट?"

सुभेदार आभाळाकडं बघायला लागले.

मग दिवसभर घरात रीघ लागली. एकीनं चहा करून पाजला, दुसरीनं सल्ला पाजला. तुमच्या एका माळेपायी सगळ्यांच्या घरांचा भाव उतरेल, असं जी ती गोडीत सांगून गेली. शेवटी पुण्याहून लेकाचा, भरतेशचा, फोन आला. "आई, पुढंमागं आपल्यालाही ते घर विकायचंय. कशाला भानगड?" हे मात्र आक्कांना जिव्हारी लागलं. आपण जिवंत असताना पोरानं घराला गिऱ्हाईक बघावं! संध्याकाळी त्यांनी अर्जावर सही केली. माळ मंदिराच्या वाटेवर कुठंतरी पडली, असं त्यात लिहिलं होतं. आक्कांचा सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम, पण त्या दिवशी स्वतःवरच्याच रागानं त्या ताटावर बसल्या नाहीत.

आणि नशिबाची थट्टा बघा, चोर सापडला. मलकापुरात माळ विकायला गेला आणि सराफाला संशय आला. ठाण्याच्या साहेबांनी आक्कांना बोलावून घेतलं. अण्णा न बोलावता आले.

"माळ तुमचीच आहे आक्का," साहेब म्हणाले. "पण हा म्हणतो, रस्त्यात सापडली. तुमच्या सहीचा अर्ज म्हणतो, रस्त्यात पडली. दोघांचं एकमत आहे. मी ह्याला आत कशाबद्दल घालू?"

आक्कांनी अर्ज ओढून आपलीच सही पुन्हा वाचली. अण्णांची कळी मात्र खुलली.

"म्हंजे गडी प्रामाणिकच निघाला की! ढालीच्या कार्यक्रमात ह्याचा सत्कार करूया. शाल, श्रीफळ, आक्कांच्या हस्ते."

बाकावर बसलेल्या चोरानं आधी अण्णांकडं बघितलं, मग साहेबांकडं. दोघांत वेडा कोण, हे त्याला ठरवता येईना.

कार्यक्रम झोकात झाला. मांडव, फ्लेक्स, पेढे, कशाची कमी नव्हती. आपल्या रस्त्यावर सोनं पडलं तरी घरी परत येतं, असं अण्णा माईकवर सांगत होते आणि पहिल्या रांगेत प्लॉटची गिऱ्हाइकं माना डोलावत होती. साहेबांनी ढाल दिली, नव्या दोऱ्यात ओवलेली माळ दिली. माळ गळ्यात पडली तेव्हा आक्कांना भरून आलं. जाऊ दे झालं, आईची वस्तू घरी आली, आता गप बसावं, असंच त्यांना वाटलं.

मग शाल द्यायची वेळ आली. गडी पाया पडायला वाकला आणि हळूच म्हणाला, "आज्जी, त्या दिवशी हिसडा लय जोरात बसला. लागलं न्हाई न्हवं?"

आक्का बघतच राहिल्या. इतक्या माणसांनी इतका चहा पाजला, पण हे एकानंही विचारलं नव्हतं. पोटच्या पोरानंही नाही. त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि अण्णांच्या हातातला माईक ओढून घेतला.

"माळ पडली न्हवती. ह्यानं वढली. अर्ज खोटा हाय आणि सही माझी हाय. साहेब, चोरीची तक्रार लिवून घ्या."

साहेब जवळ येऊन समजुतीनं बोलले, "आक्का, तक्रार झाली की ही माळ मुद्देमाल होते. खटला संपेपर्यंत आमच्याकडं जमा. तुमचं वय बघता पुन्हा हातात येईल का, मी सांगू शकत नाही."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "बसा आक्का, बसा. पाणी आणा रे."

आक्का बसल्या नाहीत. त्यांनी मानेमागं हात नेला. नवी गाठ सुटता सुटेना, पण कुणाला हात लावू दिला नाही. माळ काढून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवली.

"घ्या जमा करून," त्या म्हणाल्या. "वढणारा एकटा हुता साहेब, पचवणारं हे सगळं बसल्यात. त्यांचीबी नावं घ्या. पहिलं माझं लिवा."