दोरशिडी

“सरक ना जरा, व्हर्ना. माझ्या फोटोत जहाजापेक्षा तुझी टोपीच जास्त येतेय,” मागून अर्ल म्हणाला.

व्हर्ना सरकली नाही. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नुकताच काढलेला फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

“इकडे ये. ही दोरशिडी बघ.”

ती दोघं उभी होती त्या खडकाळ टोकासमोरून मालवाहू जहाज बाहेर निघालं होतं. ते बंदरातून काढून देणारा पायलट पुढे खुल्या समुद्रात छोट्या बोटीत उतरणार होता, म्हणून खलाशांनी कुशीवरून दोरशिडी आधीच सोडून ठेवली होती. वरच्या पायऱ्यांपाशी तिचा एका बाजूचा दोर सुतळीएवढा बारीक दिसत होता. तिथली पायरीही तिरकी झाली होती.

“सावली असेल,” अर्ल म्हणाला. तो निवृत्त बस ड्रायव्हर. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या त्या गार वाऱ्यात जहाजांचे फोटो काढायला येणारी तीच दोघं नेमाची.

“सावलीने पायरी वाकडी होते का?”

“मागे धुराचं काय झालं होतं, आठवतंय ना?”

आठवत होतं. टँकरला आग लागलीय म्हणून तिनेच फोन केला होता. इंजिनाचा धूर निघाला. आग विझवणारी बोट जाऊन परत आली. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात ती कामाला होती, तिथल्या बायका चादरींच्या घड्या घालताना अजून विचारायच्या, “काय व्हर्ना, आज काही पेटलंय का?”

तरी तिने पायलटांच्या कचेरीत फोन लावला. फोन व्यस्त असल्याचा आवाज येत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जहाज पुढे चाललं होतं. बाहेर पायलटला घ्यायला आलेली छोटी बोट लाटांवर वर जायची आणि दिसेनाशी व्हायची.

आता एकच माणूस उरला होता. जहाजाला धक्क्यापासून ओढून काढणारी टग नुकतीच दोर सोडून परत फिरली होती. ती टग लॉर्न चालवायचा. लॉर्न तिचा नवरा होता, पूर्वी. तो खाडीपलीकडे राहायला गेल्यापासून दोघं बोलली नव्हती. त्याच्या टगचे फोटो मात्र तिच्याकडे सगळ्या ऋतूंतले होते.

“नंबर आहे का त्याचा?” अर्लने विचारलं.

“आहे.”

“मग वाट कसली बघतेस?”

तिने हातमोजा दातांनी ओढून काढला.

“हॅलो?” मागे इंजिन धडधडत होतं.

“लॉर्न, मी बोलतेय.”

“कोण गेलं?”

“अजून कोणी नाही. ऐक. त्या जहाजाच्या शिडीचा दोर तुटायला आलाय. डाव्या अंगाची शिडी. बाहेरच्या बाजूने चिरलाय, वरून बघणाऱ्याला कळणार नाही.”

“तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे.”

“झालं, म्हणूनच दिसतंय.”

“खात्री आहे तुला?”

लग्नात त्यांची निम्मी भांडणं याच प्रश्नावर झाली होती. ती दरवेळी ‘हो’ म्हणायची आणि दरवेळी भांडण वाढत जायचं.

“नाही,” ती म्हणाली. “खात्री नाही. पण पायलट या पाण्यात पडला तर वाचायचा नाही.”

“ठेव फोन,” लॉर्न म्हणाला. लगेच म्हणाला, “नको, ठेवू नकोस. चालू राहू दे.”

टग जागच्या जागी वळली. धुराचा काळा लोट उठला आणि तिच्या नाकाड्यावर पांढरा फेस चढला. जहाजही आता वेग घेत होतं. टग आणि जहाजातलं अंतर कमी होतंय की नाही, तेच व्हर्नाला कळेना. तिने फोन कानाशी घट्ट दाबून धरला. लॉर्न वायरलेसवर पायलटशी बोलत होता.

“मी कठड्यापाशीच आहे,” पायलटचा तरुण आवाज फुटत फुटत आला. “शिडी ठीक दिसतेय. बोट खाली आलीय, कॅप्टन घाई करतोय.”

“थांब. मी खालून बघतो.”

“कोणी सांगितलं तुला?”

“माझ्या बायकोने.”

अर्लने व्हर्नाकडे पाहिलं. ती समोर पाहत राहिली.

“अरे, माझा एक पाय बाहेर आहे, लॉर्न.”

“मग आत घे. मी येईपर्यंत तिथेच उभा राहा.”

त्यानंतर फोनवर नुसतं इंजिन ऐकू येत होतं. व्हर्नाच्या मनात आलं, सावलीच निघाली तर? धोबीखान्यातल्या बायका हसतील, त्याचं काही नाही. पण लॉर्न आयुष्यभर म्हणेल, तुला नसलेलं दिसतं.

टग जहाजाच्या कुशीला जाऊन चिकटल्यासारखी झाली. लॉर्नच्या तोंडून एक शिवी निघाली, अगदी हळू.

“पाय ठेवू नकोस,” तो वायरलेसवर म्हणाला. “अर्ध्याच्या वर दोर गेलाय. एका माणसाचं वजन पेलायचा नाही.”

थोड्या वेळाने जहाजाचा वेग मंदावला, ते वाऱ्याकडे वळलं आणि पलीकडच्या अंगाने दुसरी शिडी सोडली गेली. ते इकडून दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने छोटी बोट जहाजाआडून बाहेर आली आणि बंदराकडे निघाली.

“उतरला,” फोनवर लॉर्न म्हणाला.

व्हर्ना खडकावर खाली बसली.

“ऐकतेयस ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“मार्चअखेर मी सोडतोय. पाठ धरते आता, जिना चढवत नाही. टगवर दुसरा माणूस येईल.”

“बरं.”

“तू तिथे उभी असतेस, म्हणून सांगितलं. नाहीतर तुला वाटायचं मीच आहे.”

तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. “पाठीला शेक घेत जा,” एवढंच ती म्हणाली.

“घेतो. ठेवू?”

“ठेव.”

“एवढी टग वळली, एवढा फेस उडाला,” अर्ल म्हणाला, “आणि आपण दोघांनी एक फोटो नाही काढला. शहाणेच आपण.”

टग परतताना टोकाजवळून गेली. व्हर्नाने कॅमेऱ्याचं लांब भिंग थेट सुकाणूच्या खोलीच्या काचेवर लावलं. लॉर्नने टोपी काढली होती. केस सगळे पिकले होते. एका हाताने चाक धरून तो दुसऱ्या हाताने शर्टाच्या टोकाला चष्मा पुसत होता.

त्याला चष्मा लागलाय, हे तिला माहीत नव्हतं.