भिंतीलगतची शेकोटी

"विझव, बेटा, विझव. तुहं काम तू कर," रहीमचाचा म्हणाला, आणि शेकोटीपुढं पसरलेले हात त्यानं आणखी जरा पुढं सरकवले.

श्रावण लाल बादली घेऊन उभा होता. अकोटच्या त्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीलगत संध्याकाळ हलकेच उतरत होती. धूर कोणता, धूळ कोणती आणि कापसाची तुसं कोणती, हे कळत नव्हतं. सगळंच पांढुरकं होऊन तरंगत होतं.

"शेका अजून थोडंसं," तो म्हणाला. "मी काही पाहून नाई राहिलो."

"पाहून नाई राहिला त बादली काहून भरली?"

श्रावणनं बादली खाली टेकवली. तो गावाच्या अग्निशमन दलात फायरमन होता, आणि त्या नोकरीतली मोठी अडचण अशी की कापूस आणि थंडी गावात एकदमच येतात. भिंतीच्या आत कापसाच्या डोंगराएवढ्या गंज्या. भिंतीच्या बाहेर, ज्यांना दार नाही अशी माणसं. दिवसभर उन्हानं तापलेली ती भिंत रात्री बराच वेळ ऊब द्यायची, म्हणून ती माणसं तिला पाठ लावून निजत. पाठ भिंतीला आणि पोट शेकोटीला. एखादी ठिणगी उडून पलीकडे गेली की झालं! म्हणून हंगामात रोज संध्याकाळी एका फायरमनची फेरी असे. फाटकाजवळच्या हापशीवर बादली भरायची आणि भिंतीलगतच्या शेकोट्या विझवत जायचं. बाकीचे लांबूनच पाणी फेकून मोकळे होत. श्रावण आधी दोन गोष्टी बोलायचा आणि मग कडेकडेनं, झाडाला घालावं तसं पाणी सोडायचा. त्यानं थंडी कमी वाजत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात सातपुड्याकडून वारा सुटला होता. असा वारा की कानात शिरला की डोक्यातून बाहेर पडायचं नाव घेत नाही.

पाणी पडलं. निखारे चिडले आणि गप्प झाले. रहीमचाचानं ओल्या राखेवरून हात हळूच मागं घेतले.

हाच रहीमचाचा एकेकाळी पिंजारी म्हणून पंचक्रोशीत फिरायचा. खांद्यावर धनुष्यासारखं लांबलचक पिंजण, त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा पडला की टंग टंग असा आवाज गल्लीभर घुमायचा, आणि अंगणाअंगणात कापूस ढगासारखा फुलायचा. मग फोमच्या गाद्या आल्या. चाची गेली. भाड्याची खोली गेली. पिंजण तेवढं राहिलं. ते तो भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्याच्या शेजारी निजायचा.

"चाचा, उद्या सकाळी घरी या," श्रावण म्हणाला. "माळ्यावर जुनी गादी पडली आहे. घेऊन जा."

"कोणती? लग्नातली?"

"हो."

"ते त म्याच भरली होती. तुह्या सासऱ्याच्या अंगणात. तुही वर्षाली परकरातली पोर असल्यावानी पळत होती कापसातून, आन् नवरी होती ते!" चाचा हसला. "गोळे झाले असतील आता गादीतल्या कापसाचे."

"असू द्या गोळे. ऊब त देईल."

"गोळ्याची गादी ऊब देत नाई, बेटा. थंडी आतून वाट काढते." आणि एवढं बोलून त्यानं फाटकं पोतं अंगावर ओढलं.

आजच का नाही, असं श्रावणच्या मनात आलं होतं. पण माळ्यावरून गादी काढायची, स्कूटरवर बांधायची, वारा हा असा! उद्या, असं तो स्वतःला म्हणाला आणि घरी जाऊन फोमच्या गादीवर निजला.

पहाटे, अजून तांबडं फुटायचं होतं, तोच फोन वाजला. त्याच जिनिंगमध्ये गंजी धुमसत होती.

बंब फाटकातून आत शिरला तेव्हा आवारात धुकं आणि धूर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उभे होते. गंजीच्या एका कोपऱ्याला, जिथं आदल्या दिवशी ट्रॅक्टर रिकामा झाला होता, तिथं तांबडी किनार दिसत होती. श्रावणनं सवयीनं पाइप उलगडला, तोंड हातात घेतलं. चालक कुंदन पाणी सोडणार, तेवढ्यात चौकीदार गोपाल धापा टाकत आला आणि श्रावणच्या कानाशी लागला.

"श्रावणभाऊ, पाणी नका मारू. आत चाचा आहे."

"आत? कोठी आत?"

"गंजीत. लय काकडून राहिला होता. शेकोटीतला इस्तो विझलेला. मले पाहवलं नाई. म्याच फाटक उघडलं, म्हटलं, जा, कापसात शिरून नीज."

श्रावणच्या हातातला पाइप एकदम जड झाला. कापूस आतल्या आत जळतो. वरून दिसते किनार आणि आत धूर कुठवर गेला, सांगता येत नाही. पाणी मारलं तर तो म्हातारा अशा थंडीत भिजून गारठेल, आणि ओला कापूस शिळेसारखा त्याच्यावर बसेल. आणि तो आत शिरला कशामुळं? काल संध्याकाळी कुणीतरी झाडाला घालावं तसं पाणी घातलं त्यामुळं.

"पाणी सोडू नको!" तो ओरडला. "आत माणूस आहे!"

मफलर गुंडाळलेले शेठ धावत आले. "कसला माणूस? माझा कापूस चालला! मारा पाणी!"

"माणूस आहे, शेठ," श्रावण पुन्हा मोठ्यानं म्हणाला, सगळ्या आवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "गंजीत निजेल आहे. कुंदन, कोपऱ्यालेच मार, बारीक धार. पुढं सरकू नको."

आणि तो तोंडाला ओला रुमाल बांधून गंजीत घुसला.

आत गेल्यावर जग बंद झालं. शेठचं ओरडणं, बंबाची घरघर, वारा, सगळं मागं राहिलं. दोन्ही हातांनी तो कापूस उपसत होता आणि कापूस पुन्हा त्याच्यावर मऊपणे ढासळत होता. इतकी ऊब त्याला हिवाळाभर मिळाली नव्हती. क्षणभर त्याला वाटलं, आपणही इथंच आडवं व्हावं, कुणी शोधत आलं तर ओ देऊ नये. मग धुराचा भपका नाकात गेला आणि तो भानावर आला.

"चाचा! ओ चाचा!"

कापूस ओ देत नाही. तो आणखी खणत गेला, आणि त्याचा हात एका पोकळीत गेला. माणूस कुशीवर निजावा, गुडघे पोटाशी घ्यावेत, तेवढी, तशीच पोकळी. श्रावणनं तिच्यात हात फिरवला. ती ऊबदार होती. आणि रिकामी होती.

धुरानं जीव घाबरा होऊन चाचा अजून आत सरकला असेल का? श्रावण खणतच राहिला, शेवटी कुंदननं पाय धरून बाहेर ओढलं तेव्हाच थांबला. तोवर आगीनं गंजीचा चांगलाच लचका तोडला होता. मग दाताळ्यांनी सगळा कापूस आवारभर पसरला, जळका भिजवला, कोरडा बाजूला ओढला. ऊन वर आलं. माणूस कुठंच नव्हता.

"माझ्या गंजीत माणसं झोपतात, हे मला आज समजलं," शेठ शांतपणे म्हणाले. ते श्रावणकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते.

श्रावणनं बाहेर येऊन चाचाची जागा पाहिली. पोतं होतं. बाकी काही नव्हतं. दवाखान्यात विचारलं, एसटी स्टँडवर पाहिलं. काळाठिक्कर चेहरा, भिजलेले कपडे, असा तो घराकडे वळला, आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला.

टंग. टंग. टंग.

कितीतरी वर्षांत न ऐकलेला आवाज. अंगणात कापूस फुलला होता. त्याच्या मधोमध रहीमचाचा उकिडवा बसला होता, भुवयांवर, दाढीवर तुसं, कोवळ्या उन्हात सगळाच पांढरा. त्याची बायको वर्षाली ओट्यावर बसून दुलईच्या खोळीसाठी जुनं लुगडं शिवत होती.

"तुमी गेले आन् उजाडायच्या आधीच आले हे," ती म्हणाली. "मी म्हटलं, घेऊन जा गादी, त म्हणे, नाई, पयले पिंजून देतो."

"फुकट काहून नेऊ?" चाचा ठोकळा न थांबवता म्हणाला. "गादी तुमची तुमाले भरून देतो. मजुरीत मले एका दुलईपुरता कापूस. हिसाब बराबर. रात्री गंजीत निजलो होतो, तठीच याद आली का श्रावणनं बलावलं आहे. गोपाल डुलकीत होता, तसाच निंगालो." मग त्यानं वर पाहिलं. "हे तोंड कशानं काळं केलं?"

श्रावण तिथंच, कापसात, मटकन बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. ओल्या गालांना कापूस चिकटला.

"डोयात गेला," चाचा समजुतीनं म्हणाला. "पिंजताना जाते."

दुपारपर्यंत गादी भरून झाली, दुलईही टाचून झाली. "चाचा, आता इथंच निजत जा, ओसरीवर," श्रावण म्हणाला. चाचानं मान हलवली.

"भिंतीजवळ माही जागा आहे, बेटा. एक रात सोडली त दुसरा बसते. दुलई आहे आता, इस्त्याचं कामच नाई." दुलई खांद्यावर, पिंजण त्याच्यावर, असा तो गल्लीतून गेला. श्रावण नव्या भरल्या गादीवर आडवा झाला आणि अशी गाढ झोप लागली की स्वप्नातही तो कापसातच होता. फक्त या वेळी कुणी हाका मारत नव्हतं.

संध्याकाळी उठून तो फेरीला निघाला. हापशीवर बादली भरली, सवयीनंच. आज ती रिकामी करावी लागणार नाही, या विचारानं त्याला हसू येत होतं. भिंतीचा कोपरा वळला.

भिंत मोकळी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी नव्हतं. पायथ्याशी काटेरी तारेची वेटोळी टाकली होती.

गोपाल फाटकातून बाहेर आला आणि जमिनीकडे पाहत बोलला. "दुपारी शेठनं सगळ्यायले उठवलं. माणसं निजतात म्हणे, आग लागते. तुमीच त सकाळी वरडून सांगतलं, आत माणूस आहे म्हणून."

"आग त ट्रॅक्टरच्या कोपऱ्याले होती, चाचा निजला तठी नाई!"

"मी सांगतलं, भाऊ. कोण आयकते?"

"चाचा कोठी गेला?"

"नाई सांगतलं. दुलई पांघरून उभा राहिला जरा वेळ, जागा पाहत. मंग मले म्हणे, श्रावण आला का त्याले सांगजो, म्या आज इस्तो पेटवला नाई."

सातपुड्याकडून वारा सुटला होता. श्रावणनं बादली खाली ठेवली. तारेच्या वेटोळ्यातून हात घालून त्यानं चाचाच्या जागेवरचं काळं वर्तुळ चाचपलं. राख कालचीच होती. अजून ओली, आणि गार.