शाकाहारी हौद

गप्पी मासा केवढा असतो, सांगू का? करंगळीच्या निम्मा. तळून खायचा म्हटलं तर तेल वाया, आणि ताटात वाढला तर शोधायला चष्मा लागंल. एवढ्याशा माशानं आमच्या अख्ख्या गल्लीचा धर्म बुडवायला घेतला होता, असं गल्लीचं म्हणणं.

मी राजेश्वरी. मुरुमपासून दोन कोसांवरच्या गावात आशाचं काम करते. गावाला माझं नाव ठाऊक आहे, पण हाक मारताना ‘ओ आशाबाई’ एवढंच. बाळंतपण असू दे, लस असू दे, कुत्रं चावू दे, ओ आशाबाई. आणि मी काही सांगायला लागले की सगळ्यांना एकदम शेतातली कामं आठवतात.

आमच्याकडं नळाला पाणी येतं नवव्या दिवशी. म्हणून घराघरात बॅरल, टाक्या, रांजण, हौद, जे मिळंल ते भरून ठेवलेलं. आणि डेंगूच्या डासाला अंड्यातून पंख फुटेपर्यंत लागतात आठ दिवस. म्हणजे बघा, पाणी बदलायच्या आदल्या दिवशीच डास उडून मोकळा! ग्रामपंचायतीनं नळाचं वेळापत्रक त्याला विचारूनच लावलं असंल, अशी माझी खात्री आहे. वरून हुकूम काय, तर आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. अहो, इथं आठवड्याला सात कोरडे दिवस असतात, आठवा कुठून आणू?

कोरड्या दिवसाची दवंडी दिली तर बजरंग माझ्या घरी धावत आला. म्हणाला, “आशाबाई, फकस्त गावातलंच दुकान बंद, का मुरुमचं बी?” त्याला वाटलं, दारूचा कोरडा दिवस. गावात माझं ऐकून कुणी एवढं घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

तर ज्याला पाणी ओतून देणं परवडत नाही त्याच्यासाठी गप्पी मासे. हौदात सोडायचे, ते अळ्या खातात. डासच होत नाही. फुकट. मी आरोग्य केंद्रातनं बरणी भरून आणली आणि गल्लीत निघाले. गल्लीत तेव्हा दोघं तापानं आधीच पडलेले होते.

पहिलं घर बशीरभाईचं. त्यानं बरणी उजेडात धरून नीट बघितली.

“बाजी, जरा मोठ्ठे न्हाईत का?”

“ते खायला न्हाईत ओ,” आतनं त्याची बायको गुलबानो ओरडली. “ते डासाला खायला हैत. सोडा बाजी तुमी, ह्यांचं ऐकू नका.”

तिथं दहा मासे सोडले. दुसरं घर बजरंगचं. हा माणूस दर रविवारी सकाळी सातला खाटकाच्या दुकानापुढं नंबर लावून उभा. त्यानं बरणी बघून नाक मुरडलं.

“महांतप्पांनी सोडले का?”

“अजून न्हाय. तिकडंच चाललेय.”

“मग आदी त्यांचं बघा. आप्पा नगं म्हणले तर आमी बी न्हाय. आपल्याला धर्म हाय का न्हाय काय?”

महांतप्पा म्हणजे गल्लीचं वजन. दूध डेअरीचे चेअरमन, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कुणाच्या घरी लग्न ठरलं की पहिला सल्ला त्यांचा. त्यांच्या दारातला हौद त्यांच्या वडिलांनी बांधलेला, गल्लीतला सगळ्यात मोठा. अंघोळीला, धुण्याला, पूजेला तेच पाणी. मी गेले तेव्हा आप्पा ओट्यावर बसून हातातली मच्छर मारायची बॅट फिरवत होते. चट्. चट्. आणि हौदाच्या काठाशी त्यांची नात सृष्टी, चौथीतली. ही पोरगी म्हणजे माझी या गावातली एकुलती एक विद्यार्थिनी. मी शाळेत जाऊन सांगितलेलं एवढी एकच मुलगी ऐकते. तिच्या हातात काचेचा ग्लास होता.

“ताई, बघा की! नाचायलेत.”

मी ग्लास उजेडात धरला. वीसएक अळ्या वरखाली वळवळत होत्या. मी हौदात वाकून बघितलं. तिथं मोजायची सोयच नव्हती.

“आप्पा, ह्या डेंगूच्या डासाच्या अळ्या हैत. ह्यात मासे सोडावे लागतील.”

“शिव शिव शिव!” आप्पा उठूनच उभे राहिले. “मासळी? आमच्या हौदात? सात पिढ्यांत ह्या घरात अंडं आलं न्हाय, आन् तू मासळी आणलीस? ह्या पाण्यानं अंघोळ करून मी पूजेला बसतो गं!”

“खायचे न्हाईत आप्पा, नुसते पोहतील.”

“पोहतील, मरतील बी. आन् ते जिवंत अळ्या खाणार, म्हंजे रोज आमच्या दारात जीवहत्या. ती कुणाच्या माथी?” चट्. बॅटमध्ये अजून एक डास गेला. “आपल्याच्यानं असलं पाप व्हायचं न्हाय.”

मी म्हटलं, बरं, मासे नको तर औषधाचे थेंब टाकते. तर औषधानं पाण्याला वास येतो. मग झाकण बसवा. झाकलं की पाणी मरतं, पाण्याला ऊन लागावं लागतं. मग ओतून घासून घ्या. ओतून? नऊ दिवसांचं पाणी? तुझ्या बापानं हौद भरला होता का? एवढं झाल्यावर आप्पांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. ही आप्पांची जुनी रीत. आधी माणसाचं तोंड बंद करायचं, मग त्यात चहा ओतायचा.

चहा पिता पिता माझा फोन वाजला. आमचे सुपरवायझर रणधीर साहेब.

“ताई, संध्याकाळपर्यंत ‘शून्य अळी गाव’ची यादी वर द्यायची आहे. तुमचं गाव घालू ना?”

“साहेब, अळ्या…”

“अळ्या सापडल्या तर परत सर्वेक्षण, परत फवारणी, परत तीन भेटी. कोण करणार? तुम्हीच. बघा बाई, तुमचं तुम्ही.”

आप्पांना सगळं ऐकू गेलं होतं. गोड आवाजात म्हणाले, “लिही की गं ‘अळी न्हाय’. गावाची बदनामी कशाला? आमी बघतो हौदाचं.”

आता बोलणारी मी. गावाला शहाणपण शिकवणारी मी. बजरंगला हसणारी मी. माझ्या मांडीवर तक्ता होता, पेन हातात होतं, तोंडात आप्पांच्या घरचा आल्याचा चहा. मी ‘महांतप्पा, सिमेंटचा हौद’ यापुढच्या ‘अळ्या’च्या चौकटीत लिहिलं, ‘नाही’.

सृष्टी माझ्या खांद्याशी उभी राहून वाचत होती. “ताई, पण ह्या?” तिनं ग्लास पुढं केला.

“ओतून ये जा गटारीत,” मी खेकसले. ती गेली. ग्लासातल्या वीस अळ्या गटारीत गेल्या, बाकीच्या हौदात सुखानं राहिल्या. आणि आप्पांनी नाही म्हटल्यावर गल्लीतल्या चौदा घरांनी मासे नाकारले. बजरंगसकट.

अकराव्या दिवशी सृष्टी तापानं फणफणली.

मी म्हटलं, रक्त तपासा. आप्पांनी वीरप्पाला बोलावलं. वीरप्पा म्हणजे कमरेला इंजेक्शन आणि खिशात गोळ्या एवढ्यावर डॉक्टर झालेला माणूस. त्याच्याकडं भिंतीवर कसलं तरी सर्टिफिकेट आहे, पण ते एवढं वर टांगलंय की वाचायला शिडी लागंल. त्यानं ताप उतरायची दणदणीत सुई दिली. मी दारातूनच ओरडले, “डेंगू असंल तर दुखण्याची असली सुई देऊ नका, रक्त वाहतं तिनं. साधी तापाची गोळी द्या, पाणी पाजा.” वीरप्पा हसला. “आशाबाई, तुमी पोलिओ पाजा. बाकीचं आमी बघतो.”

मग गल्लीचा दवाखाना सुरू झाला. कुणी पपईच्या पानाचा रस आणला, कुणी शेळीचं दूध. बजरंगनं उमरग्यातनं किवी आणल्या आणि त्या सालीसकट द्यायच्या का सोलून, यावर ओट्यावर तासभर चर्चा झाली. पोरगी रस पिऊन ओकत होती. तिच्या आईला मी रोज सांगायची, लघवी किती वेळा होते बघ, हिरड्यातनं रक्त येतं का बघ. ती बिचारी मान हलवायची आणि सासऱ्याकडं बघायची.

तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी मी गल्लीत शिरले तर गुलबानोच्या दारात कुणीतरी डोक्यावरून टॉवेल घेऊन उभं. हातात झाकणाचा डबा. जवळ गेले तर महांतप्पा! मला वाटलं डोळे फुटले माझे. सात पिढ्यांत त्या दारात त्यांच्यातलं कुणी पाणीसुद्धा प्यालेलं नव्हतं.

ते खालच्या आवाजात विचारत होते, “खेकडं हैत का गं? रस्सा पाजला तर रक्तातल्या प्लेटा वाढत्यात म्हणं.”

गुलबानोनं माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी राग पण आला, डोक्यात जाळ झाला नुसता.

“आप्पा, अर्ध्या करंगळीएवढा मासा हौदात चालंना, आन् आता खेकडा पोरीच्या पोटात चालतोय व्हय? सात पिढ्यांचं काय झालं?”

त्यांनी टॉवेल डोक्यावरून काढला. म्हातारा रडत होता. “माझी पोरगी वाचू दे, राजेश्वरी. सात पिढ्यांचं मी बघून घेतो.”

मी विचारलं, “कशी हाय आता?”

“ताप उतरला की! पहाटेपासनं अंग गार हाय. फकस्त पोट दुखतंय म्हणती. लई झोपायली.”

डेंगूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं आणि मी गल्लीत शंभरदा सांगितलं होतं. मी पळत गेले. सृष्टीचे हातपाय बर्फ झालेले, हिरडीला रक्त, ओठ कोरडे. मला बघून म्हणाली, “ताई, पोट.”

बशीरभाईनं टेम्पो काढला. पुढं सृष्टी आईच्या मांडीवर, मागं मी आणि आप्पा कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर. आप्पा वाटभर डबा हातात धरून बसले होते. तो ठेवून द्यायचा हे त्यांना सुचलंच नाही. उमरग्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टरनं नाडी बघितली, सलाईन लावलं, दर तासाला मोजून मापून कमी-जास्त करत राहिली. खेकडा नाही, किवी नाही. नुसतं पाणी आणि डोळ्यात तेल घालून लक्ष. त्या चार दिवसांत मी घरी दोनदा फक्त अंघोळीला गेले. तक्त्यातला तो ‘नाही’ माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हता. पोरीला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? मनातल्या मनात मी तिला रोज म्हणायची, उठ गं बाई, उठ, मला हवं ते बोल.

पोरगी उठली. वाळून काडी झालेली, पण उठली.

आता मजा ऐका. डेंगूचा रुग्ण निघाला म्हणून चौकशी आली. पण गाव तर कागदावर ‘शून्य अळी’! मग साहेबांनी लिहिलं, रुग्ण मध्यंतरी कळंबला मावशीकडे गेली असल्याने लागण बाहेरगावी झाल्याची शक्यता. पोरगी कळंबला गेलीच नव्हती, कळंबचं नाव विनाकारण खराब. आणि आप्पांनी उमरग्याहून आल्या आल्या हौदात पन्नास गप्पी मासे सोडून घेतले. वर स्वतःच्या हातानं पाटी लावली, ‘हे मासे शाकाहारी आहेत. फक्त शेवाळ खातात.’ दुसऱ्या दिवशी चौदा घरांतून माझ्याकडं माणसं आली. बजरंग सगळ्यात पुढं. “आशाबाई, त्या शाकाहारीतले दहा आमाला बी द्या.”

मग शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला, ‘शून्य अळी गाव’चा. मांडव, माईक, खुर्च्या. रणधीर साहेब बोलले, “या गावात सर्वेक्षणात एकही अळी सापडली नाही. याचं श्रेय राजेश्वरीताईंना.” टाळ्या पडल्या. महांतप्पा माझ्यासाठी शाल घेऊन उठले. मीही उठले. हो, उठले. खोटं कशाला बोलू?

पहिल्या रांगेत सृष्टी उभी राहिली. स्वेटरमध्ये हरवलेली.

“सापडल्या व्हत्या की. म्या ताईंना ग्लासात दाखवल्या व्हत्या.”

साहेब हसले. “तापातून उठलीय, लहान आहे. बस बाळा.”

ती बसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. शाळेत मी प्रश्न विचारल्यावर बघते तसंच. “मग त्या ग्लासात काय व्हतं, ताई?”

मी साहेबांच्या हातातला माईक घेतला. “अळ्या व्हत्या,” म्हटलं. “हौद भरून व्हत्या. म्या बघितल्या आन् ‘नाही’ लिहिलं. ही पोरगी मरायला टेकली व्हती, ती माझ्या त्या एका शब्दानं.”

साहेबांनी खाली वाकून वायर उपटली. पण तोवर माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

“अज्जा,” सृष्टी आजोबांकडं वळून म्हणाली, “तुमी बी तिथंच व्हता की.”

आप्पांच्या हातात शाल तशीच उघडी होती. ती कुणाच्या अंगावर घालायची ते त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी ती घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, “व्हय गं, म्या बी बघितल्या व्हत्या.”