उमरेडचा मुकुंद आणि अठरावं पान

आमचा क्लब मैदानावर कमी हरतो, उन्हाळ्यात जास्त हरतो. चेंडू कपाटात, जाळ्या गुंडाळलेल्या, पोट्टे मामाच्या गावाला, आणि इकडे दोन-चार शहाणे कूलरसमोर बसून पुढच्या मोसमाची यादी करतात. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणाला आणायचं. अशा बावन्न याद्या मी पाहिल्या. त्यातल्या पुष्कळशा वाईट होत्या. पण वाचून तोंड धुवावंसं वाटलं अशी यंदाचीच.

क्लबचं नाव बुनकर स्पोर्टिंग, सक्करदरा. विणकरांनी काढलेला फुटबॉल क्लब. ऑफिस म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं टिनाचं मागघर. माग गेले, भाऊही गेला, तेव्हापासून अध्यक्ष माझी वहिनी, कौशल्याबाई. तिला ऑफसाइड कळत नाही. पण आमची यादी शेवटी तिच्याच हातानं पक्की होते, कारण पंगत ती करते.

नोंदणीच्या आदल्या रविवारी मागघरात सावजी मटणाची पंगत बसते. लीगवाले जास्त नावं घेतात, पण आमच्या शेडमध्ये नऊ-नऊच्या दोन ओळी मावतात, म्हणून आमचे खेळाडू अठरा. जो पानावर बसला तो वर्षभर आमचा, सही-बिही नंतर. नियम दोनच. अठराही पानं भरल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, आणि बसलेल्याला उठवायचं नाही. एका साली पत्र टाकायला आलेला पोस्टमन वासानं आत आला आणि रिकाम्या पानावर बसला. उठवायचं कसं? वर्षभर त्याला उजव्या बॅकला खेळवला. वाईट नव्हता. फक्त समोरच्याचा चेंडू अडवला की ज्याचा त्याला नेऊन द्यायचा.

यंदा सचिव झाला वैभव. बेसाला राहतो, फ्लॅट विकतो, आणि फ्लॅटसारखेच खेळाडू घेतो: चित्र पाहून. त्याच्या मोबाईलमध्ये तक्ता आहे. नाव, वय, उंची, आणि पुढे रीलला किती लोकांनी पाहिलं तो आकडा. खेळतो कसा, याचा रकाना नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काकाजी, ते व्हिडिओत दिसते ना."

व्हिडिओत दिसलं ते असं. एक पोट्टा गच्चीवर उभा राहून चेंडू खांद्यावरून मानेवर, मानेवरून दुसऱ्या खांद्यावर नेतो. चार मिनिटं. चेंडू पायाला एकदाही लागत नाही. घेतला. दुसरा फक्त गोल झाल्यावरचा नाच करतो. गोल कोणी केला ते दिसत नाही. घेतला. गोलीच्या जागी आयुष नावाचा सहा फूट दोन इंचाचा पोरगा, चेंडू जाळीत पोचल्यावर इतकी सुंदर उडी मारतो की फोटो काढावा. घेतला. आणि फॉरवर्ड तर विचारूच नका. सतरा नावांत दहा फॉरवर्ड. दोन्ही बॅक काढले, कारण वयाच्या रकान्यात ते लाल दिसत होते. संघ नव्हे, लग्नाची वरात. सगळे पुढे नाचणारे, मागे बँडवालाही नाही.

मी विणकर माणूस. एक लुगडं उतरलं की आम्ही जुना ताणा, म्हणजे उभे धागे, फणीतून ओढून फेकत नाही. त्याची टोकं तिथंच राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याशी पिळून सांधतो. मग जुन्याच्या मागोमाग नवा आपोआप फणीतून येतो. सगळं कापून टाकलं तर हजारो धागे पुन्हा एकेक ओवा, आणि डोळे फोडून घ्या. हे सगळं वैभवला समजावलं.

तो म्हणाला, "काकाजी, आपली टीम काय साडी आहे का?"

तिथं माझं डोकं सटकलं. त्यानंतर मी जे बोललो ते निव्वळ किळस येऊन बोललो.

"मंग एक काम कर गा," मी म्हटलं. "उमरेडले एक पोट्टा आहे. मुकुंद. त्याले घे."

"कोण मुकुंद?"

"डाव्या पायाचा आहे. उजव्यात बूट घालतच नाही, गरज पडत नाही म्हणते. मागच्या साली त्यानं कॉर्नर मारला. चेंडू वळून गोलात गेला, जाळी फाडून बाहेर आला, खांबाले वळसा घालून पुन्हा आत गेला. पंचानं दोन गोल देल्ले."

मला वाटलं, आता हा हसेल, मी हसेन, आणि थोडी अक्कल येईल. वैभवनं मोबाईल काढला.

"व्हिडिओ आहे का?"

"कसा राहीन? व्हिडिओ काढणारा गोलामागं उभा राह्यते. तीन मोबाईल फोडले त्यानं आतापर्यंत."

"उंची?"

"सहा फूट एक," मी म्हटलं. "केस सोडून."

त्यानं लिहून घेतलं. केस सोडून, हेही लिहिलं.

मी घरी जाऊन झोपलो. तीन दिवसांनी बाजारात जायला रोशनची ई-रिक्षा थांबवली. रोशन आमचा गोली. सदतीस वर्षांचा, पाच फूट सहा इंच, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. सोळा मोसम आमच्या गोलात उभा आहे. उडी मारत नाही फारशी, कारण चेंडू येतो तिथं तो आधीच असतो. असं खेळणं व्हिडिओत फार कंटाळवाणं दिसतं.

सक्करदरा तलावाशी आल्यावर तो म्हणाला, "काकाजी, हा मुकुंद कोन हो?"

मी तलावाकडे पाहिलं.

"अठरावं नाव माझं काढून त्याचं टाकलं म्हणे. वैभवभाऊ म्हणे, खेळते एकच गोली, मंग दोन कायले पोसाचे." थोडं थांबून म्हणाला, "चांगला असंल पोट्टा. तुम्ही सांगतला म्हणजे पाहूनच सांगतला असंल."

"तू काय बोलला मंग?"

"मी काय बोलू? यंदाचं वर्ष मिळालं असतं तं बरं होतं. या वयात एकदा पान हुकलं का पुन्हा कोनी मांडत नाही. मयुरा शाळेत सांगून बसली का, माझा बाप यंदाही खेळणार म्हणून."

मयुरा त्याची मुलगी. दहा वर्षांची. गोलामागं बसून ती बापाला ओरडते तेव्हा आम्ही सगळे गप्प बसतो.

"रिक्षा फिरव," मी म्हटलं. "बेसाले चाल."

"बाजार?"

"बाजार गेला चुलीत."

वैभवच्या ऑफिसात एसी इतका होता की माझी लाज गोठली, तरी मी खरं सांगितलं. जन्मात फार वेळा सांगितलं नाही, त्यामुळे सवय नव्हती. शब्द अडखळत होते.

"वैभव, तो मुकुंद नाही आहे."

"म्हणजे? येत नाही म्हणतो?"

"येईन कुठून? तो माणूसच नाही. मी बनवला त्याले. तुह्या यादीची चीड आली म्हणून बनवला. रोशनचं नाव परत टाक."

 वैभव उठला, दार लावलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "काकाजी, खरं सांगा. हुडकेश्वरवाले भेटले ना तुम्हाला?"

"कोण हुडकेश्वरवाले?"

"मला कळलंय. त्यांच्या क्लबचा सचिव कालपासून उमरेडला फिरून राहिला. मुकुंदचं घर विचारून राहिला. त्यांनी तुम्हाला फोडलं, म्हणून आता तुम्ही म्हणता की पोरगा नाहीच आहे."

"अरे भैताडा, मी बोलून राहिलो का..."

"त्याला सांगा, दहा नंबरची जर्सी देतो. कप्तानही करतो. पण शब्द फिरवू नका, काकाजी. या वयात शोभत नाही."

पन्नास वर्षं मी या गावात थापा मारल्या. सक्करदरा तलावात मगर पाळली होती, ही माझीच थाप. लोकांनी ऐकलं, हसले, चहा पाजला. एकानंही कधी त्या मगरीला मासे टाकले नाहीत. आणि हा शिकलेला माणूस मुकुंदला कप्तान करत होता. मला त्याची किळस आली, आणि खाली उतरल्यावर रोशननं रिक्षात चढायला मला हात दिला तेव्हा स्वतःचीही आली.

"काय म्हणे?" रोशननं विचारलं.

"म्हणे पाहू," मी म्हटलं.

दोन दिवसांत पोस्टर निघालं. निळ्या धुरात एका माणसाची काळी सावली, खाली लिहिलेलं: तो येतोय. सावलीला केस भरपूर होते.

शेवटी मी वहिनीकडे गेलो. ती दगडफूल निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"म्हणजे भाऊजी, तुमच्या थापेनं त्या पोराचं पान गेलं."

"हो."

"आणि खरं सांगतलं तं कोनी मानून नाही राहिलं."

"हो ना."

"बरं झालं," वहिनी म्हणाली. "पंगतीच्या दिवशी वाढाले दोन हात कमी आहे माझ्याकडं. रोशनले बोलवा. आणि तुम्ही तोंड बंद ठेवा, जमलं तं."

रविवारी दुपारी शेड तापलं होतं. दोन ओळी मांडल्या, अठरा पत्रावळी, अठरा पेले. सतरा पोट्टे बसले. गच्चीवाला मोबाईल पत्रावळीच्या वर धरून चित्र काढत होता. आयुष भिंतीशी बसला होता आणि पाय कुठं ठेवावे हे त्याला समजत नव्हतं. दाराजवळचं अठरावं पान रिकामं. रोशन कमरेला पंचा बांधून, वाकून, मीठ आणि लिंबू वाढत होता. रिकाम्या पानावरही त्यानं लिंबाची फोड ठेवली. नीट, कडेला.

वहिनीनं सगळ्यांना रस्सा वाढला. तर्रीचा वास असा उठला की पोट्ट्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. पण घास कोणी घेईना. नियम म्हणजे नियम.

वैभव माझ्याजवळ आला. "कुठं आहे तो?"

"येऊन राहिला," मी म्हटलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. नाचणारा फॉरवर्ड म्हणाला, "काकू, एक पोळी तरी खाऊ द्या."

"अठरा झाल्याशिवाय नाही," वहिनी म्हणाली. "तुझ्या सचिवाले विचार."

"रस्सा थंड होतोय, वैभवदादा," आयुष म्हणाला.

पंधराव्या मिनिटाला सतरा जण वैभवकडे असे पाहू लागले की त्याला घाम फुटला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तोंड बंद ठेवायचं होतं, पण ती नजर "आता उघड" म्हणत होती.

मी मोबाईल कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं. मी दोनदा हं म्हटलं, एकदा अरेरे म्हटलं, आणि ठेवून दिला.

"गेला," मी म्हटलं.

"कोण गेला?"

"मुकुंद. उमरेड रोडनं येऊनच राहिला होता. हुडकेश्वरवाल्यांनी वाटेत गाडी आडवी लावली. म्हणे, दहा नंबर काय घेऊन बसला, आम्ही एक नंबरही देतो आणि दहाही देतो. दोन जर्सी एकावर एक घाल. पोट्टा भुलला."

वैभवचा चेहरा लाल झाला. "मी बोललो होतो ना तुम्हाला. बोललो होतो का नाही? हे लोक असेच आहेत."

खरं सांगितलं तेव्हा एसीत बसून ऐकलं नव्हतं या माणसानं. आता दोन जर्सींची थाप लगेच गिळली त्यानं.

"मी आत्ता त्यांच्या सचिवाला फोन लावतो," तो म्हणाला.

"लाव ना," वहिनी म्हणाली. "पण पोट्टे भुकेले आहे. रोशन, ते भांडं ठेव खाली. बस तिथं."

रोशन उभाच. "वहिनी, ते पान त्याचं..."

"जो नाही आला त्याचं पान नसते. बस म्हणते ना."

रोशननं पंचा सोडला, हात धुतले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बसला. बसला तसा सतरा हात एकदम पोळीवर गेले. थांबवायला आता हुडकेश्वरचा सगळा संघ आला असता तरी उशीर झाला होता.

वैभव फोनवर होता. हुडकेश्वरचा सचिव पलीकडून इतक्या जोरात बोलत होता की आम्हाला ऐकू येत होतं. मुकुंदला तुम्ही कुठं दडवला ते सांगा, असं तो विचारत होता. त्याच्यासाठी आपण आपला जुना बॅक काढून बसलो, असंही म्हणत होता. वैभवनं "नाटकं करू नका" म्हणून फोन ठेवला. तो बॅक मला माहीत आहे. चौदा वर्षं खेळला. त्याचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मग वैभव वळला आणि त्याला अठराव्या पानावर रोशन दिसला. पहिला घास खाऊन झाला होता, नाकातून पाणी येत होतं.

"हे काय? मी दुसरा गोलकीपर नको म्हणालो होतो."

"पंगतीतून उठवत नाही," वहिनी म्हणाली. तिनं रोशनला आणखी एक पळी रस्सा वाढला.

 शेडमध्ये कोणी मान वर करेना. मग वैभवनं मोबाईल काढून तक्ता उघडला, मुकुंदची ओळ पुसली आणि रोशनची परत आणली. वयाचा रकाना लाल झाला. तो रंग पाहून त्यानं तोंड कडू केलं. पुढच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं.

"उंची नाहीये यांची. रोशनभाऊ, जरा उभे राहा."

रोशननं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पळी हातात तशीच धरून वैभवकडे पाहिलं.

"जेवून राहिला तो," मी म्हटलं. "माझ्याकडून घे. मी त्याले लहानपणापासून पाहून राहिलो."

"किती?"

"सहा फूट," मी म्हटलं.

त्यानं लिहून घेतलं.