चालकाचं झाकण

लग्नानंतर मला ह्या घरात एक कपाट मिळालं होतं. आज त्यात माझा एकही कपडा नाही, नुसती रणगाड्यांची पुस्तकं आहेत. चाकांचं पुस्तक वेगळं, साखळ्यांचं वेगळं, रंगांचं तर विचारूच नका. एकाच रणगाड्यावर चार जाडजूड पुस्तकं आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. आमचे हे एकात माप घेणार, दुसऱ्यात पडताळणार आणि तिसरं काढून म्हणणार, "ह्याने संग्रहालयातला रणगाडा मोजलाय. त्याची चाकं नंतर बदललेली आहेत." मग मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन पुन्हा पहिल्यापासून. रणगाडा प्लास्टिकचा, कारखान्यातून आलेले सुटे भाग जोडून करायचा, टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल एवढा, पण केसाएवढा फरक ह्यांना खपत नाही. भाजीत मीठ नसलेलं मात्र कळत नाही.

एवढा अट्टहास एकाच रणगाड्यासाठी. सासरे तो चालवायचे. हे रांगत होते तेव्हा ते लढाईवर गेले आणि परत आलेच नाहीत. त्यांच्याबरोबर त्याच रणगाड्यात तोफ डागणारे एक जण होते, घरात त्यांना गनरकाका म्हणतात. ते एकदाच येऊन सासूबाईंना सांगून गेले, की आग लागली, आम्ही वरून उड्या टाकल्या, त्याला हाका मारल्या, तो आला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून उठले आणि पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही.

"आला नाही" एवढंच सासूबाईंनी धरून ठेवलं. चालकाच्या डोक्यावर त्याचं स्वतःचं झाकण असतं, हे त्यांना माहीत होतं. रजेवर आलेल्या सासऱ्यांनीच मोठ्या कौतुकाने सांगितलेलं. मग का आला नाही? "बायकोपोरापेक्षा ती लोखंडी पेटी प्यारी होती त्यांना," असं त्या म्हणायच्या. लोकांचे कपडे शिवून त्यांनी मुलाला वाढवलं ते त्या रागाच्या जोरावर. नवऱ्यासाठी त्या रडल्याचं कुणी पाहिलं नाही. आणि ह्यांनी लहानपणापासून मनाशी ठरवून टाकलेलं, की तो रणगाडा हुबेहूब करायचा आणि बाबा का आले नाहीत ते एकदा बघायचं. आईच्या मनातलं किल्मिष आपण काढू, असं ह्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मागच्या हिवाळ्यात एक नवं पुस्तक आलं. त्यात एका पानावर जळालेला रणगाडा होता आणि त्याच्यावरचा नंबर, आमच्या घरातल्या फोटोत सासरे ज्या रणगाड्याला टेकून हसतायत, त्याचाच. हे नुसते त्या पानावर हात ठेवून बसून राहिले.

पुस्तकातल्या फोटोत तोफ बाजूला वळलेली होती. ह्यांनी मात्र आजवर तोफेची नळी सरळ पुढेच धरली होती, कारण पुस्तकांतली सगळी मापाची चित्रं नळी सरळ ठेवूनच काढतात. चालकाचं झाकण ह्यांनी बारीक तारेच्या बिजागरीवर बसवलेलं, नखाने उचललं की उघडायचं. आता फोटोत होती तशी नळी वळवली आणि झाकण उचललं, तर ते वर येताच नळीला अडलं.

"माप चुकलंय माझं," हे म्हणाले.

झालं. पुन्हा चारही पुस्तकं जमिनीवर. नळी कानसून बारीक केली, मग ती जास्तच बारीक झाली म्हणून नवी बसवली. वरचा घुमट उंच करून पाहिला, झाकण पातळ करून पाहिलं. जेवणाचं ताट गार व्हायचं. "अहो, एवढ्याशा झाकणाने काय बिघडतंय?" मी एकदा वैतागून म्हटलं, तर म्हणाले, "झाकण उघडायलाच हवं गं. खरं उघडत होतं ना." पुस्तकं चुकतात, कारखाना चुकतो, आपला हात चुकतो, एवढंच ह्यांच्या डोक्यात. घरात इतकी वर्षं सांगितलेली गोष्टच चुकीची असेल, हे त्या भल्या माणसाच्या मनातही आलं नाही.

शेवटी सगळ्यात जुन्या पुस्तकात, आजवर दुर्लक्षिलेल्या एका चित्राखाली बारीक अक्षरात सापडलं. नळी चालकाच्या बाजूला वळलेली असताना चालकाचं झाकण उघडत नाही आणि आतून मागे जायची वाटही बंद होते. ह्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून बसले. नळी वळवली होती गनरकाकांनी. उडी टाकली तीही त्यांनीच.

"आईला सांगायचं नाही," हे म्हणाले.

पण सासूबाईंना आता दिसत नसलं, तरी कान शाबूत होते. कानशीचा आवाज थांबलेला त्यांना कळला. "झाला का रे तुझा रणगाडा? आण इकडे," त्यांनी पलंगावरून हाक मारली. ह्यांनी नळी सरळ केली आणि रणगाडा त्यांच्या मांडीवर ठेवला. चालकाचं झाकण कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. त्यांनी नखाने उचललं. अलगद उघडलं.

"उघडतंय की," त्या म्हणाल्या. "म्हणजे येता आलं असतं." त्यांचा चेहरा पुन्हा तसाच दगडी झाला. "नाहीच आले."

ह्यांच्याने ते बघवलं नाही. "आई, तेव्हा तोफ अशी होती," म्हणत ह्यांनी नळी वळवली आणि त्यांचं बोट पुन्हा झाकणावर ठेवलं. त्यांनी उचलून पाहिलं. टक् झालं. पुन्हा उचललं, पुन्हा टक्. मग त्यांनी नळीवरून हात फिरवला, झाकणावरून फिरवला, आणि हात तिथेच राहिला.

"आतून ढकललं असेल?"

"हो."

"किती वेळ रे?"

 

वाटलं होतं, राग गेला की त्यांना हलकं वाटेल. कसलं हलकं. राग होता तोवर त्या दोन घास खात होत्या, माझ्याशी भांडत होत्या, भाकरी जाड झाली म्हणून नावं ठेवत होत्या. आता ताट जसंच्या तसं परत येतं. मी मुद्दाम बिनमिठाची भाजी वाढून बघितली, त्यांनी ब्र काढला नाही.

काही दिवसांनी त्यांनी ह्यांना बोलावलं. "ती तोफ चिकटवून टाक."

"कशी?"

"सरळ. आणि झाकण उघडं ठेव."

केसाएवढी चूक न चालणाऱ्या माणसाने नळी सरळ चिकटवली, झाकण उघडं चिकटवलं. एकही पुस्तक उघडलं नाही. रणगाडा आता सासूबाईंच्या उशाशी असतो. डिंक कधीच वाळलाय, तरी दुपारी डोळा लागण्याआधी त्या चाचपडत बोट तिथे नेतात आणि झाकण उघडंच आहे ना, ते बघतात.